राजपुत्राचा शिक्षक: आर्चबिशप फेनेलाँ



फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरी असलेल्या एका बिशपविषयी आज बोलायचे आहे. फ्रांस्वा द सालिन्याक द ला मोत-फेनेलाँ हे त्याचे पूर्ण नाव. ६ ऑगस्ट १६५१ रोजी पेरिगोर प्रांतातल्या फेनेलाँच्या गढीत तो जन्मला. घराणे जुने आणि मानाचे होते, पण पैशाची चणचण आणि भावंडे पुष्कळ. अशा घरातल्या धाकट्या मुलांना तलवार नाही तर चर्च, हे दोनच रस्ते ठाऊक असत. शेजारच्या सार्ला धर्मप्रांताचे बिशपपद तर या घराण्यात जवळजवळ वहिवाटीचेच होते. हा मुलगा पॅरिसला सँ-स्युल्पिसच्या सेमिनरीत शिकला आणि धर्मगुरू झाला. पुढे राजाच्या नातवाचा शिक्षक, मग कांब्रेचा आर्चबिशप, आणि शेवटी राजाच्या मर्जीतून उतरलेला माणूस म्हणून त्याने आयुष्याची अखेरची सतरा वर्षे दरबारापासून दूर काढली. राजसत्तेवर त्याने केलेली टीका आजही वाचली जाते, आणि ती वाचणारे बहुतेक जण एक सोपी जुळणी करतात: राजाने हाकलले, म्हणून हा माणूस राजावर उलटला. ही जुळणी चुकीची आहे, असे मला वाटते. फेनेलाँची राजनीती रुसलेल्या दरबाऱ्याची नाही, ती शिक्षकाची राजनीती आहे. तिचे बळ शिक्षकपणातून आले आणि तिच्या मर्यादाही बऱ्याच अंशी तिथूनच आल्या.

ऑगस्ट १६८९ मध्ये बोव्हिलिएचा ड्यूक राजाच्या नातवंडांचा पालक नेमला गेला आणि त्याने शिक्षक म्हणून फेनेलाँची निवड केली. थोरला नातू, बर्गंडीचा ड्यूक लुई, तेव्हा नुकताच सात वर्षांचा झाला होता. गंमत अशी, की त्याचाही वाढदिवस ६ ऑगस्टलाच येई. आजोबांनंतर बाप आणि बापानंतर हा, असा गादीचा क्रम होता. मुलगा विलक्षण बुद्धिमान आणि तितकाच तापट. दरबारातल्या माणसांची चित्रे रेखाटणारा सँ-सिमाँ सांगतो, की नावडत्या कामाची वेळ झाल्याचा टोला घड्याळाने दिला तर हा मुलगा घड्याळच फोडायला निघे, आणि बेत मोडला तर पावसावरही संतापे. असे मूल छडीने सुधारत नाही, आणि राजाच्या नातवाला छडी मारणार तरी कोण? १६८९ च्या नोव्हेंबरातला, त्याच मुलाच्या सहीचा एक कागद उपलब्ध आहे. राजपुत्राच्या शब्दाची आण घेऊन त्यात त्याने लिहून दिले आहे, की फेनेलाँ जे सांगतील ते मी तत्काळ करीन, आणि शब्द मोडला तर हवी ती शिक्षा आणि अप्रतिष्ठा सोसीन. शिक्षेची भीती जिथे घालता येत नाही, तिथे शिक्षकाने मुलाच्या अब्रूलाच जामीन घेतले. त्याच्यासाठी फेनेलाँने गोष्टी रचल्या, परलोकात भेटलेल्या थोरांचे संवाद लिहिले, आणि प्रत्येकातून एकच धडा गिरवून घेतला: तू इतरांसारखाच एक माणूस आहेस, आणि राज्य ही तुझी जहागीर नव्हे. काही वर्षांतच त्या मुलाचा स्वभाव इतका पालटला, की पुढे लोक त्याच्या अतिसंयमाविषयीच कुरकुर करू लागले.

राजपुत्राला शिकवण्याचे काम आपल्याला वाटते त्याहून वेगळे होते. त्या राज्यव्यवस्थेत राजाच्या इच्छेला आडकाठी करणारी संस्था उरली नव्हती. १६१४ नंतर प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींची सर्वसाधारण सभा भरलेली नव्हती, आणि न्यायालयांचे तोंड बंद करण्यात आले होते. अशा राज्यात कोट्यवधी लोकांचे पुढचे पन्नास वर्षांचे नशीब एका मुलाच्या स्वभावावर टांगलेले असते. त्या मुलाचा शिक्षक हा त्याच्या भावी प्रजेचा वकील होतो, कारण प्रजेच्या वतीने त्याच्याशी बोलू शकेल असा दुसरा कोणी त्या वाड्यात नसतो. फेनेलाँने आपले काम असेच समजून घेतले होते. पाच वर्षे त्याला काहीही लाभ झाला नाही, तरी त्याने मागणे केले नाही. मग एका मठाचे उत्पन्न मिळाले. १६९५ मध्ये राजाने त्याला कांब्रेचे श्रीमंत आर्चबिशपपद दिले, तेव्हा त्याने मठाचे उत्पन्न आपणहून परत केले. एका माणसाने चर्चची दोन उत्पन्ने खाऊ नयेत, हा नियम त्या काळी पुस्तकातच राहिलेला होता, त्यामुळे दरबार चकित झाला. आणखी एक अटही त्याने घातली: ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या नियमाप्रमाणे वर्षातले नऊ महिने मी धर्मप्रांतात राहीन, राजपुत्रांसाठी तीन महिने. व्हर्सायमध्ये बारा महिने मुक्काम ठोकणाऱ्या बिशपांची तेव्हा वाण नव्हती. आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती मराठीत बिशपला महागुरुस्वामी म्हणतात. त्या शब्दातला 'गुरू' फेनेलाँने दोन्हीकडे, वाड्यात आणि धर्मप्रांतात, शब्दशः घेतला.

आता एका पत्राकडे वळू. १६९३ आणि १६९४ ही फ्रान्समध्ये भयंकर दुष्काळाची वर्षे होती. पिके बुडाली होती, युरोपातल्या निम्म्याअधिक सत्तांशी युद्ध चालू होते आणि करवसुली थांबत नव्हती. त्या दोन वर्षांत सुमारे तेरा लाख माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्याच सुमारास फेनेलाँने राजाला उद्देशून एक निनावी पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा: तुमच्या मंत्र्यांनी तुमचे नाव वाढवता वाढवता राज्याची पाळेमुळे उपटली आहेत; सारा देश अन्नाविना पडलेल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयासारखा झाला आहे; १६७२ चे हॉलंडवरचे आक्रमण अन्यायाचे होते आणि त्यानंतरच्या साऱ्या युद्धांचे मूळ त्यात आहे; तुम्ही देवावर प्रेम करत नाही, गुलाम धन्याला भितो तसे देवाला भिता. सूर्यराजाला त्याच्या हयातीत याहून कठोर शब्दांत कोणी सुनावल्याचे मला माहीत नाही. ते पत्र सुमारे शंभर वर्षांनी, १७८७ मध्ये छापून बाहेर आले. तेव्हा पुष्कळांना ते बनावट वाटले. १८२५ मध्ये फेनेलाँच्या स्वतःच्या अक्षरातली प्रत सापडली आणि तो वाद मिटला.

यावर लगेच आक्षेप येतो: पत्र निनावी आहे, आणि ते राजाच्या हातात पडल्याचा पुरावा नाही, मग यात धैर्य कसले? आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. ते पत्र बहुधा राजापर्यंत गेलेच नसावे. त्याचा रोख राजाच्या दुसऱ्या पत्नीकडे, मादाम द मँतनाँकडे, आणि बोव्हिलिएकडे असावा, हे मत मला पटते, कारण ही दोघे राजाला खरे सांगत नाहीत असा ठपका पत्रातच आहे. पण या पत्रावरून मला फेनेलाँचे धैर्य सिद्ध करायचेच नाही. मला त्याची तारीख दाखवायची आहे. हे लिहिताना फेनेलाँ मर्जीत होता. १६९३ मध्येच तो फ्रेंच अकादमीचा सदस्य झाला, आर्चबिशपपद त्यानंतर आले आणि हकालपट्टी तर चार वर्षे दूर होती. कोणतीही तक्रार नसलेल्या, चढत्या दिवसांतल्या माणसाने हे लिहिले आहे. रुसव्याचा सिद्धान्त इथेच गळून पडतो.

हीच गोष्ट त्याच्या 'तेलेमाक' या ग्रंथाची. होमरच्या युलिसीजचा मुलगा बापाच्या शोधात निघतो आणि मेंटॉर नावाचा वृद्ध त्याच्यासोबत असतो, असे त्याचे कथानक आहे. हा वृद्ध म्हणजे वेष पालटलेली विद्येची देवता मिनर्व्हा. होमरमध्ये मेंटॉर हे पात्र तसे लहान आहे. आज आपल्या कार्यालयांतून आणि महाविद्यालयांतून 'मेंटॉर' हा शब्द ज्या अर्थाने सर्रास वापरतात, तो अर्थ त्याला मुख्यतः फेनेलाँच्या पुस्तकाने मिळवून दिला. पुस्तक मुळात एकाच वाचकासाठी, राजपुत्रासाठी, १६९० च्या दशकाच्या मध्यावर लिहिलेले होते. त्यातले सालांत हे नगर पाहा. तिथला राजा इदोमने याला मोठमोठ्या इमारतींची आणि शेजाऱ्यांवर कुरघोडी करण्याची हौस आहे. नगर झळाळते आणि भोवतालची शेते ओसाड पडतात. मेंटॉर येतो, चैनीच्या वस्तूंना बंदी घालतो, शहरातले रिकामे कारागीर शेतीवर धाडतो, शेजाऱ्यांशी तह करतो, आणि मेहनतीने जमीन पिकवणाऱ्याला करातून सूट देऊन आळशाला दंड करतो. व्हर्सायच्या कारंज्यांशेजारी बसून एका मुलाने हे वाचायचे होते. १६९९ मध्ये नक्कल करणाऱ्याच्या हातून मजकूर फुटला. पॅरिसमध्ये छपाई मध्येच थांबवली गेली, पण हॉलंडमध्ये पुस्तक छापून निघाले आणि युरोपभर गेले. वाचकांनी इदोमनेच्या जागी लुईला पाहिले. हे व्यक्तिचित्र नव्हे, असे फेनेलाँ सांगत राहिला. मला वाटते तो खोटे बोलत नव्हता. कोणत्याही राजपुत्राने कोणता राजा होऊ नये, याचा तो धडा होता. पण धडा इतका नेमका होता, की आजोबांना आरशात पाहिल्यासारखे वाटले.

हकालपट्टीचे प्रत्यक्ष कारण वेगळे होते, आणि त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. मादाम ग्वीयाँ या विधवा साधिकेची शिकवण अशी, की देवावरचे प्रेम इतके निरपेक्ष व्हावे की स्वतःच्या मुक्तीचीही आस उरू नये. फेनेलाँने तिची बाजू सोडली नाही. १६९५ मध्ये ज्या बिशप बोस्युएने त्याला बिशपपदाचा अभिषेक केला, तोच दोन वर्षांत त्याचा कट्टर विरोधक झाला. ऑगस्ट १६९७ मध्ये राजाने त्याला धर्मप्रांतात जाऊन राहण्याचा हुकूम दिला. १२ मार्च १६९९ रोजी पोप बाराव्या इनोसंटने या निरपेक्ष प्रेमाविषयीच्या त्याच्या पुस्तकातली तेवीस विधाने दोषी ठरवली. बातमी कांब्रेला पोचली ती २५ मार्चला, तो प्रवचनाला उभा राहण्याच्या बेतात असताना. त्याने तयार केलेले प्रवचन बाजूला ठेवले आणि वरिष्ठांच्या आज्ञापालनावर बोलला. पोपपुढे त्याने जाहीरपणे मान तुकवली. राजाविषयीचे एकही मत मात्र बदलले नाही. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असे वाटेल, पण शिक्षकाच्या दृष्टीने तसे नाही: सिद्धान्तात आपण चुकू शकतो हे त्याला मान्य होते, पण उपाशी माणूस उपाशी नाही, असे म्हणायला तो तयार नव्हता.

कांब्रे १६७७ मध्येच फ्रान्सने जिंकून घेतले होते. धर्मप्रांताचा मोठा भाग सीमेपलीकडे, स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये होता. त्यामुळे १७०१ पासून पेटलेल्या, स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धाची आघाडी थेट त्याच्या गावागावांतून गेली. बोस्युएच्या मृत्यूनंतर, १७०४ मध्ये, बोस्युएचाच जुना चिटणीस ल दिय कांब्रेला येऊन गेला आणि त्याने पाहिले ते बारकाईने टिपून ठेवले. तो विरोधकाच्या घरचा माणूस, म्हणून त्याची साक्ष मोलाची. त्याला दिसले की जेवणाचा थाट आर्चबिशपाला शोभेसा आहे, वाढपी, ताटे, पाहुणे, सगळे यथासांग. पण घरचे धर्मगुरू आणि चिटणीस त्याच मेजावर, त्याच्याबरोबरीने बसतात. यजमान स्वतः मात्र अगदी मोजके जेवतो, आणि अंगाने झिजलेला आहे. जानेवारी १७०९ मध्ये थंडीची अशी लाट आली की पेरलेला गहू जमिनीतच मेला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला, त्याच भागात, माल्प्लाकेची लढाई झाली. शतकातल्या सर्वांत रक्तरंजित लढायांपैकी ती एक. जखमी अधिकारी आणि सैनिक कांब्रेला आणले गेले, तेव्हा आर्चबिशपाचा वाडा भरला आणि मग त्याने आणखी घरे भाड्याने घेतली. आसपासच्या खेड्यांतले लोक गुरेढोरे घेऊन वाड्याच्या आवारात आसऱ्याला आले. आपल्या कोठारातले धान्य त्याने राजाच्या उपाशी फौजेला दिले. त्याच्या जमिनी आणि धान्य लुटू नये असे हुकूम शत्रुपक्षाचे सेनापती मार्लबरो आणि युजीन यांनी काढले, ही त्याच्या नावाची पत. सालांत नगराच्या कथेत जी शेते त्याने कल्पनेने ओसाड दाखवली होती, तीच आता खिडकीतून दिसत होती.

दुसरा आक्षेप महत्त्वाकांक्षेचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. सँ-सिमाँने फेनेलाँचे जे चित्र काढले त्यात मोहिनी आहे आणि कावाही आहे: हा माणूस प्रत्येकाला हवासा वाटे, आणि शिष्य गादीवर आला की आपणच मुख्य मंत्री, हे त्याने ओळखले होते. एप्रिल १७११ मध्ये राजाचा मुलगा देवीने मेला आणि बर्गंडीचा ड्यूक थेट वारस झाला, तेव्हा कांब्रेच्या वाटेवर एकाएकी पाहुण्यांची वर्दळ वाढली. फेनेलाँला सत्तेची इच्छा होती, हे मी नाकारत नाही. पण नुसती सत्ता हवी असलेला माणूस भावी राजाशी कसा बोलतो, आणि हा कसा बोलला, ते पाहावे. हद्दपारीनंतर चार वर्षे दोघांत पत्रही नव्हते. १७०२ मध्ये शिष्य फौजेकडे जाताना कांब्रेवरून गेला, तेव्हा भेट झाली ती चारचौघांत, काही क्षणांची. १७०८ च्या मोहिमेत ड्यूकच्या नावावर पराभव लागला आणि पॅरिस त्याच्यावर हसू लागले. दरबाऱ्याने अशा वेळी सांत्वन केले असते. फेनेलाँने लोक काय काय बोलतात त्याचा पाढाच वाचला: तुम्ही निर्णय घेत नाही, पोरकट करमणुकीत वेळ दवडता, धर्माचरणाच्या बारीकसारीक शंकांत अडकून सेनापतीचे काम विसरता. स्वतः एवढा धार्मिक असलेला बिशप शिष्याला अतिधार्मिकपणाबद्दल झापतो आहे. मर्जी मिळवण्याची ही रीत नव्हे. राजाच्या कर्तव्यांविषयी शिष्यासाठी लिहिलेली आत्मपरीक्षणाची प्रश्नावलीही याच जातीची आहे. त्यात विचारलेले आहे, की गरजेहून अधिक कर घेतलास का, अन्यायाने जिंकलेला मुलूख परत केलास का, आणि शिक्षेची मुदत संपल्यावरही कैद्यांना वल्ही मारायला गलबतांवर डांबून ठेवलेस का. राजाला वल्हेकऱ्याच्या सुटकेच्या तारखेचा जाब विचारणारा माणूस मंत्रिपदाची नुसती वाट पाहत बसलेला नसतो.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र त्याचा बचाव मला करता येत नाही, आणि करायचाही नाही. १६८५ मध्ये लुईने नाँतचा जाहीरनामा रद्द करून प्रोटेस्टंट पंथावर बंदी घातली. त्याआधीपासूनच फेनेलाँ पॅरिसमध्ये कॅथलिक झालेल्या मुली-बायकांच्या आश्रमाचा प्रमुख होता, आणि त्यातल्या कित्येक तिथे स्वखुशीने आलेल्या नव्हत्या. बंदीनंतर त्याला सँतोंज भागात धर्मप्रचाराला पाठवले. तिथून लिहिलेल्या पत्रांत तो सौम्य प्रवचनकार आणि धान्यवाटप मागतो, दहशतीने झालेले धर्मांतर पोकळ असते हे त्याला दिसते. पण सत्तेचा हात सैल सोडू नये, पळून जाणाऱ्यांसाठी किनाऱ्यावरचे पहारे कायम ठेवावेत, हेही तोच लिहितो. उतारवयात त्याने कॅथलिक चर्चमधल्याच जानसेनपंथीयांचा तितक्याच चिकाटीने पाठलाग केला. स्टुअर्ट घराण्यातला निर्वासित राजपुत्र कांब्रेला आला असता, प्रजेवर धर्माची सक्ती करू नको, असे फेनेलाँने त्याला सांगितले, अशी नोंद आहे. पण ती लिहिणारा रॅम्झे त्याचा भक्त शिष्य होता, म्हणून तिच्यावर मी फार भार टाकत नाही. भुकेच्या प्रश्नात जे स्पष्ट दिसले, ते श्रद्धेच्या प्रश्नात त्याला दिसले नाही. शिक्षकपणाची ही दुसरी बाजू आहे. मुलाला त्याच्या भल्यासाठी जबरदस्तीने शिकवता येते, असे मानणारा शिक्षक मोठ्या माणसांनाही मूल समजू लागतो.

जन्माने घातलेली मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. सालांतमध्ये मेंटॉर प्रजेचे सात वर्ग पाडतो आणि प्रत्येकाच्या वस्त्राचा रंग ठरवून देतो. नोव्हेंबर १७११ मध्ये पिकार्दीतल्या शोन इथे, मित्र शेव्हरझच्या ड्यूकबरोबर बसून, फेनेलाँने भावी राज्यकारभाराचा आराखडा तयार केला. त्यात दर तीन वर्षांनी सर्वसाधारण सभा, जाचक मीठकर रद्द, दरबारी खर्चाला कात्री, पदांची विक्री बंद, अशा दूरदृष्टीच्या गोष्टी आहेत. त्यातच सरदारांना अग्रहक्क आणि त्यांच्या वर्गाबाहेरच्या लग्नांना बंदीही आहे. म्हणून काही अभ्यासक त्याला निव्वळ सरंजामी प्रतिगामी ठरवतात. मला तो निवाडा अर्धवट वाटतो. सालांतमध्ये सगळे काही एका शहाण्या सल्लागाराच्या आणि एका वळणावर आलेल्या राजाच्या भरवशावर चालते. शोनच्या आराखड्यात राजावर देखरेख करणारी, ठरलेल्या मुदतीने भरणारी सभा आली आहे. पंधरा-सोळा वर्षांत या शिक्षकाला एवढे उमगले होते, की राजा चांगला शिकवला म्हणजे काम भागले असे नाही. त्याच्या हातात तेव्हा जी भाषा होती, ती त्याच्या वर्गाची होती, आणि तिच्यातच त्याने हे मांडले.

त्या आराखड्याला तीन महिनेच मिळाले. १२ फेब्रुवारी १७१२ रोजी ड्यूकची पत्नी गोवराने गेली, १८ फेब्रुवारीला तो स्वतः गेला, आणि ८ मार्चला त्यांचा थोरला मुलगा. शिष्य तिसाव्या वर्षात होता. त्याच्या पेटीतले फेनेलाँचे कागद राजाने आपल्या हाताने जाळले, असे सांगितले जाते. जे शिल्लक राहिले ते इतरत्र असलेल्या प्रतींमुळे. पुढची तीन वर्षे फेनेलाँ धर्मप्रांताच्या कामात बुडालेला होता. ६ जानेवारी १७१५ रोजी, मृत्युशय्येवरून, राजाचा कबुलीगुरू ल तेलिए याच्यासाठी त्याने शेवटचे पत्र सांगितले. त्यात राजाकडे दोन मागण्या होत्या. आपल्या जागी येणारा आर्चबिशप चांगला, धर्मनिष्ठ आणि जानसेनपंथीयांशी खंबीरपणे वागणारा असावा, ही पहिली. कांब्रेची सेमिनरी सँ-स्युल्पिसच्या धर्मगुरूंकडे सोपवू द्यावी, म्हणजे आपल्यामागे तिथल्या तरुणांचे शिक्षण नीट चालेल, ही दुसरी. स्वतःच्या कुटुंबासाठी, पुतण्या-भाच्यांसाठी, त्यात काही मागितलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.